मागच्या दारावरचा पांढरा

सोमवार, ३ मार्च
नवी वही. निवृत्त माणसाने रोज चार ओळी लिहाव्यात, डोकं ताजं राहतं, असं कुठेतरी वाचलं. माझं डोकं ताजंच आहे. तरी लिहीन. संकल्प: रोज. निदान एक दिवसाआड.

लेक काल सात आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. तिची गाडी खाली तळघरातल्या पार्किंगमध्ये, किल्ली माझ्याकडे. सूचना दोन. एक, आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून दहा मिनिटं ठेवायचं. दोन, गाडी बाहेर काढायची नाही. दुसरी सूचना तिने तीनदा दिली. एकदा जिन्यात, एकदा टॅक्सीत बसताना आणि एकदा निघालेल्या टॅक्सीची काच खाली करून. पेट्रोल वाचवणारी मुलगी आहे. माझ्यावर गेली.

रविवार, ९ मार्च, सकाळी १०
मधले पाच दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आता इंजिन सुरू करायला जातो.

टायर एकाच जागी राहिले की चपटे पडतात, हे लेकीने विचारात घेतलेलं नाही. फाटकापर्यंत नेऊन परत आणावी म्हणतो. फाटक आवारातच आहे. याला बाहेर म्हणत नाहीत.

त्याच दिवशी, ११.१५
तळघरातला तिसरा खांब चुकीच्या जागी आहे. खांब राखाडी, फरशी राखाडी, वर एक मरतुकडा दिवा. त्यात खांब तो कुठला आणि सावली ती कुठली. इमारतीच्या कमिटीला पत्र लिहायचं.

डाव्या बाजूच्या मागच्या दारावर ओरखडा. लांबी नव्या पेन्सिलीएवढी. पत्रा चेपलेला नाही, नुसता रंग गेलाय. किरकोळ.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, कुणीतरी गाडीला घासून गेलंय. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, कुणीतरी म्हणजे किल्ली ज्याच्याकडे आहे ते कुणीतरी का?

सोमवार, १० मार्च
बायकोचं मत: लेकीला फोन करून सरळ सांगून टाका. माझं मत: पोरगी परक्या गावी परीक्षा देतेय, तिच्या डोक्याला कशाला ताप. शिवाय सांगायला काही उरणारच नाही. ती यायच्या आत दार होतं तसं करून ठेवतो.

हे काम दुसऱ्या कुणी अंगावर घेतलं असतं तर मीही हसलो असतो. पण मी चौतीस वर्षं कापड रंगवायच्या गिरणीत शेड मॅचिंग केलंय. गिऱ्हाइकाने चिंधी पाठवायची, आम्ही हजारो मीटर कापड त्याच रंगात काढायचं. शेवटी नमुना माझ्या टेबलावर यायचा. मी खिडकीपाशी नेऊन बघायचो, सही करायचो, मग माल बाहेर पडायचा. रंग बघायचं मशीन आलं तेव्हा मी मॅनेजरला म्हटलं होतं, मशीन ठेवा, त्याला माझ्याकडून शिकू दे.

आणि हा तर पांढरा. पांढऱ्यात जुळवायचं काय असतं.

मंगळवार, ११ मार्च
रंगाच्या दुकानात गेलो. मोटारींच्या रंगांचं खास दुकान, मालकीण पस्तिशीची, चष्मा डोक्यावर, नखांत चार-पाच रंग. तिने कलर कोड मागितला. ड्रायव्हरच्या दाराच्या आत स्टिकर असतो म्हणे, त्यावर लिहिलेला असतो. मी म्हटलं, कोड कशाला, शेड माझ्या डोक्यात पक्की आहे. त्यावर ती शांतपणे म्हणाली की काका, या मॉडेलमध्ये पांढरे तीन आहेत, तुमच्या डोक्यातला कुठला?

परत आलो. स्टिकर सापडला. छपाई इतकी पुसट की विचारू नका. हल्ली सगळंच पुसट छापतात. पेपरसुद्धा. शेवटी बायकोला खाली बोलावलं. तिने चष्मा न लावता धडाधड वाचून दाखवलं. असो. माझी नजर रंगाची आहे, अक्षरांची नाही.

बुधवार, १२ मार्च
मालकिणीने कोड मशीनमध्ये टाकला. मशीनने थेंबथेंब गाळलं, तिने बाटली हलवली, झाकण लावलं. नेलपॉलिशएवढी बाटली, आत तसाच ब्रश. दोन मिनिटांत काम खलास. मला त्या मशीनची दया आली. त्याला काय माहीत, ही गाडी तीन वर्षं लेकीच्या ऑफिसबाहेर उन्हात उभी असते. कोड कारखान्यातून निघालेल्या गाडीचा. उन्हाने पांढरा पिवळा पडतो, हे शेड खात्यातला नवखा माणूसही सांगेल.

म्हणून रंगात मिसळायच्या पिवळ्या टिंटरची एक बाटली वेगळी मागून घेतली. मालकीण म्हणाली, काका, आहे तसाच लावा, जुळेल. मी नुसता हसलो. तिचा दोष नाही. तिच्या पिढीने खिडकीपाशी उभं राहून रंग बघितलेलाच नाही.

शुक्रवार, १४ मार्च
आज काम. दार साबणाने धुतलं. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ओरखडा घासला. चारी बाजूंनी मास्किंग टेप. प्रायमर. तो वाळेपर्यंत बशीत रंग कालवायला घेतला.

पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब. काही फरक नाही. दोन थेंब. फरक नाही. पाच. नऊ. टिंटर अगदीच हलक्या दर्जाचा निघाला. चौदाव्या थेंबाला मनासारखी शेड आली. लावला. दहा पावलं मागे जाऊन बघितलं. जुना रंग कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो, मलाच सापडेना.

हात अजून शाबूत आहे. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत काहीही गेलेलं नाही.

बायकोला बोलावलं. तिने बराच वेळ बघितलं. मग विचारलं, पुसून निघेल ना?

काय पुसून निघेल, विचारलं. म्हणाली, हा चहाचा डाग.

शनिवार, १५ मार्च
रात्री विचार केला. चूक रंगाची नाही, उजेडाची आहे. ट्यूबलाइटखाली शेड बघणं म्हणजे अडाणीपणा. गिरणीत आमची खिडकी उत्तरेची होती. आज गाडी वर काढून इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीपाशी लावली. (आवारातच.) मला तर रंग जास्तच जुळलेला दिसला.

बायकोला उन्हात तो जास्तच पिवळा दिसला. मी तिला शेडचे नियम समजावून सांगितले, वीसेक मिनिटं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला रंगातलं काही कळत नाही हो, पण पिवळं कळतं.

सोमवार, १७ मार्च
वॉचमनने विचारलं, ताईंच्या गाडीला कावीळ झालीय का.

वॉचमनने फाटक बघावं.

बुधवार, १९ मार्च
दुरुस्ती केली. मला पटलं म्हणून नव्हे. दोन माणसांना एकच भ्रम झाला असेल तर त्याचा मान ठेवावा. पिवळा मारायचा तर निळा घालायचा, हे आमच्या धंद्यातलं बाळबोध ज्ञान. दुकानातून निळ्या टिंटरची बाटली आणली. एक थेंब. फरक नाही. तीन. सात. याही बाटलीत दम नाही. नऊवर थांबलो.

कड दिसू नये म्हणून रंग बाजूने थोडा पसरवत न्यावा लागला. आता पॅच उघडलेल्या पेपरएवढा झालाय. पण सलग. ओरखडा तर कुठे होता ते सांगता येत नाही, म्हणजे मूळ काम फत्ते.

बायको म्हणाली, आता हिरवट झालाय.

संध्याकाळी लेकीचा फोन. परीक्षा छान जातायत. गाडीचं विचारलं. ठणठणीत आहे म्हटलं. खोटं नाही, इंजिन ठणठणीतच आहे. मग ती म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून एवढं मोठं काही घेतलं, इथे आले तरी पार्किंगमध्ये गेल्यावर नजर तिलाच शोधते. तुमच्याकडे आहे म्हणून निर्धास्त आहे, बाबा.

जेवण फारसं गेलं नाही. उकडतंय हल्ली.

शनिवार, २२ मार्च
गाडी दुकानात नेऊन दाखवायचं ठरवलं. हे बाहेर आहे, कबूल. पण गाडीच्याच भल्यासाठी.

रस्त्यावर ऊन असं की समोरच्या काचा आरशासारख्या चमकत होत्या. एक हातगाडी एकदम समोर उगवली. हातगाडीवाला माझ्याशी जे बोलला ते वहीत लिहिण्यासारखं नाही. हातगाड्यांना भडक रंग द्यायचा नियम हवा.

मालकीण दुकानाबाहेर आली. गाडीला एक फेरी मारली. दारापाशी थांबली. विचारलं, काका, हे कुणी केलं? मी म्हटलं, एका रंगाऱ्याने. ती म्हणाली, त्याच्याकडे परत जाऊ नका.

जाणार नाही म्हटलं.

मग तिने आमच्या कोडचा पांढरा एका कार्डावर लावून आणला. कार्ड आधी पुढच्या दारावर धरलं, मग माझ्या पॅचवर. कुठे जुळतंय, विचारलं. मी म्हटलं, दोन्हीकडे. तिने कार्ड खिशात ठेवलं. आत नेऊन पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. इकडच्या तिकडच्या चौकशा केल्या, घरी कोण असतं वगैरे. मग म्हणाली, चला, तुम्हाला सोडते, गाडी मीच चालवते.

आमच्या भागात तिचं काही काम असावं. खाली बायको भेटली, तर दोघी लिफ्टपाशी दहा मिनिटं बोलत उभ्या. बायकांना विषय लागत नाही.

सोमवार, २४ मार्च
बायको, वॉचमन, मालकीण. तिघंही एका बाजूला. अशा वेळी जाणकार साक्षीदार लागतो. चिमट्याला फोन केला.

चिमटा म्हणजे गिरणीतला माझा असिस्टंट. कापडाचे तुकडे कायम चिमट्याने उचलायचा म्हणून हे नाव मीच ठेवलं. अकरा वर्षं माझ्या हाताखाली होता. मेहनती, पण नजर बेताची. सारखा मशीनकडे धावायचा. भर खात्यात मी त्याला सुनवायचो की तुला रंग दिसत नाही, तू नुसते आकडे वाचतोस. आज माझ्या खुर्चीत बसतो. गुरुवारी येतो म्हणाला. सर, तुम्ही बोलावलंत आणि मी येणार नाही असं होईल का, असंही म्हणाला. संस्कार माझेच.

गुरुवार, २७ मार्च
चिमटा आला. केस विरळ झालेत, चिमटा खिशात आहेच. सरळ खाली नेलं. मी काहीच सांगितलं नाही, नुसतं दार दाखवलं आणि म्हटलं, सांग.

तो पॅचकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग परत पॅचकडे. मला वाटलं, सांधा शोधतोय आणि सापडत नाहीये. अशा वेळी मान देऊन गप्प राहावं. मी राहिलो.

वर आल्यावर त्याने बॅगेतून कापडाचे दहा तुकडे काढले. सगळे निळसर, गडद ते फिकट. म्हणाला, सर, गंमत म्हणून, जरा ओळीने लावता का? हा खेळ मीच त्याला शिकवला होता. गिरणीत मी हे दहा तुकडे मिनिटभरात लावायचो, तेही कुणाशी तरी बोलता बोलता. आजही लावले. मिनिट पुरतं लागलं नाही. हात झटकून मागे टेकलो.

चिमट्याने ओळ बघितली. एकही तुकडा हलवला नाही. बायको चहा घेऊन आली, तीही ओळ बघून दारातच थांबली. निळ्याच्या मधोमध मी एक करडा तुकडा निळा समजून लावल्याचं तिने मला नंतर सांगितलं.

तो खूप हळू बोलला. म्हणाला, "सर, डोळे शेवटचे कधी दाखवले होते?"

मी म्हटलं, चौतीस वर्षं या डोळ्यांवर माल गेलाय, ते दाखवायचे नसतात, त्यांनी बघायचं असतं. तो हसला नाही. चहा अर्धा ठेवून उठला. जिन्यात दोघं कुजबुजली, तो आणि बायको.

शुक्रवार, २८ मार्च
माणसाला खुर्ची मिळाली की असं होतं. अकरा वर्षं शिकवलं त्याचं हे फळ.

संकल्प: डोळ्यांच्या डॉक्टरकडे अजिबात जायचं नाही.

मंगळवार, १ एप्रिल
डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बायकोने वेळ आधीच घेऊन ठेवली होती, त्या २२ तारखेलाच. न जाणं असभ्य दिसलं असतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात जास्त. डॉक्टर तरुण, बोलणं गोड. म्हणाले, डोळ्यातली काच हळूहळू पिवळी पडत जाते, आतल्या माणसाला पत्ता लागत नाही, निळा आणि पिवळा आधी फसवतात. मी म्हटलं, हे गेल्या महिन्याभरातलं असणार. त्यांनी मान हलवली. म्हणाले, याला वर्षं लागतात, काका. किती, विचारलं. सहा-सात तरी.

मी निवृत्त होऊन चार झाली.

ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवायची नाही असं बजावलं. मी गाडी चालवतो हे त्यांना कुणी सांगितलं, तर सांगणारी शेजारीच बसलेली होती.

गुरुवार, ३ एप्रिल
हिशेब करत बसू नये. तो माझा विषयही नाही. सहा-सात वर्षं हे डॉक्टर लोक अंदाजाने सांगतात.

पण शेवटच्या दोन-तीन वर्षांत माझ्या सहीने गेलेला एकही लॉट परत आला नाही. एकही नाही. हा पुरावा आहे. डोळे खराब असते तर माल परत आला असता. हे डॉक्टरला सांगायला हवं होतं, तिथे सुचलं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. पंधरा मिनिटं. काही कळलं नाही. पट्टी आहे. अक्षर वाकडं येतंय, चालायचंच.

बुधवार, ९ एप्रिल
पट्टी काढली.

सुरुवातीला वाटलं दवाखान्यात नवे दिवे लावलेत. चादर पांढरी होती. म्हणजे पांढरी. निळसर झाक असलेला पांढरा. आमच्या खात्यात याला नंबर होता. हा मी किती वर्षांत बघितला नव्हता.

बायको समोर उभी होती. मी तिला विचारलं, तुझे केस इतके पांढरे कधी झाले? ती म्हणाली, झाले हळूहळू. मग पदराने माझ्याच डोळ्याखालचं पाणी टिपायला लागली आणि म्हणाली की ड्रॉप्स वाहतायत. ड्रॉप्स अजून घातलेच नव्हते.

घरी आल्यावर एक डोळा झाकून फिरलो. उजव्याने: माझे तीन पांढरे शर्ट, त्यातले दोन क्रीम. दुकानदाराशी मी भांडून घेतलेले. बाथरूमच्या टाइल्स, ज्या मी स्वतः पांढऱ्या म्हणून निवडल्या, त्या लिंबू कलरच्या. डाव्याने: सगळं ठीक आहे, पूर्वीसारखं.

खाली जायची अजून परवानगी नाही असं बायको म्हणते. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

शुक्रवार, ११ एप्रिल
बायको बाजारात गेल्यावर खाली जाऊन आलो.

उजव्या डोळ्याने बघितलं. पांढऱ्या दारावर पेपरएवढा मोठा डाग. मधे पिवळा, कडेला हिरवट, एका कोपऱ्यात दोन्ही. रंग वाईट लावलेला नाही, हात कुठेही थरथरलेला नाही. सगळं नीट, सफाईने केलेलं. नुसता रंग चुकलेला.

तिथेच थोडा वेळ बसलो, फरशीवर. वॉचमन आला. पाणी आणू का म्हणाला. नको म्हटलं. त्याला सांगितलं की कावीळ बरोबर होती.

शनिवार, १२ एप्रिल
चिमट्याला फोन केला. आधी ऑपरेशनचं सांगितलं. त्याला मनापासून बरं वाटलं. मग सहज विचारतोय असं करून विचारलं की माझ्या शेवटच्या काळात मालाची तक्रार कशी कधी आली नाही. त्याने माझ्या ड्रॉप्सची चौकशी सुरू केली. मी म्हटलं, चिमट्या, आता मला दिसतंय, आता खरं सांग.

तो म्हणाला, "शेवटची दोन वर्षं तुमची सही झाली की मी एकदा मशीनवर बघायचो, सर."

आणि?

"निळे चुकायचे. तेवढे मी पुन्हा रंगवून घ्यायचो."

मी विचारलं, कुणाला बोलला का नाहीस. मॅनेजरला, मला, कुणालाच. त्यावर म्हणाला, मी नवीन होतो तेव्हा अख्खा लॉट घालवला होता, तुम्ही खात्यात माझ्यावर भयंकर ओरडलात, पण वर विचारलं तेव्हा चूक माझी म्हणून सांगितलंत. तुम्हाला आठवत नसेल.

खरंच आठवत नाही. मी इतका बरा माणूस होतो असं वाटतही नाही.

फोन ठेवताना त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. बहुतेक पहिल्यांदाच. तो गोंधळला, म्हणाला, सर, तब्येत बरी आहे ना?

सोमवार, १४ एप्रिल
संकल्प: उजव्या डोळ्याने बघून दार नव्याने रंगवायचं. आता अडचण काहीच नाही.

बायकोने रंगाच्या सगळ्या बाटल्या कुठेतरी ठेवल्यात. तिलाही आठवत नाही म्हणे. माझ्या शेजारी बसून ठामपणे सांगते, आठवत नाही.

रविवार, २० एप्रिल
लेक आली. मी भाषण तयार केलं होतं. खांब, दिवा, कमिटीचा निष्काळजीपणा, या क्रमाने. लिफ्टमध्ये सुरुवात केली, तळघर येईपर्यंत खांबापाशी पोचलो.

तिने दार बघितलं. हात फिरवला. एवढंच म्हणाली की बापरे, केवढं घासलंत बाबा. तिला हसू येत होतं असं वाटलं. मी धीर करून पुढचं सांगितलं. डोळे, ऑपरेशन, आणि ओघात दुकानापर्यंत गाडी नेल्याचं.

तेव्हा ती चिडली. एवढं चिडलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं. "दार गेलं खड्ड्यात. तुम्हाला दिसत नव्हतं आणि तुम्ही रस्त्यावर गाडी काढलीत. तुम्हाला काही झालं असतं तर?"

हातगाडीवाल्याबद्दल मी काही सांगितलं नाही. तो बिचारा बरोबर बोलला होता, त्याची भाषा सोडली तर.

किल्ली तिने मागितली नाही. मीच दिली. वर जाईपर्यंत लिफ्टमध्ये ती माझा दंड धरून उभी होती, जणू लिफ्ट मीच चालवतोय.

गुरुवार, २४ एप्रिल
गाडी वर्कशॉपला. लेकीने चालवली. मालकिणीच्याच ओळखीचा रंगारी. त्याने माझं काम बघून बोटाने खरवडलं आणि विचारलं की पॉलिश पेपर कुठला वापरला होता, पृष्ठभाग फार सुरेख घासलाय. लेक म्हणाली, बाबांनी केलंय. मी नको नको म्हणत राहिलो, पण ऐकायला बरं वाटलं.

त्याने स्टिकरवरचा कोड बघितला, मशीनवरून रंग आणला आणि अख्खं दार मारलं. दुपारपर्यंत तयार. काही थेंब नाहीत, बशी नाही, उत्तरेची भिंत नाही.

मग तो हात पुसत माझ्यापाशी आला. लेकीने त्याला माझ्या नोकरीचं सांगून ठेवलं होतं. म्हणाला, काका, तुमच्यासारखा माणूस आलाय तर एकदा बघून सांगा, जुळलं का?

गाडी त्याने उन्हात लावली होती. मी दारासमोर उभा राहिलो. लेक बाजूला. उजव्या डोळ्याने बघितलं. जुळलं होतं. सवयीने उजवा झाकून डाव्यानेही बघितलं. जुळलं होतं. पण डाव्याला तर माझंही जुळलं होतं.

रंगारी वाट बघत होता. मी म्हटलं, मुलीला विचारा.